मोटरच्या विद्युतप्रवाहातून दोषनिदान

आधुनिक अर्थव्यवस्थेतील श्रमाचा फार मोठा वाटा विद्युत मोटरी उचलतात. शहराला पाणी पुरविणारे पंप, औष्णिक वीज केंद्रातील अवाढव्य पंखे, सिमेंट कारखान्यातील चक्क्या, रेल्वेची इंजिने आणि शेतातील विहिरीवरचा पंप या सर्वांमागे मोटरच असते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगातील एकूण वीजवापरापैकी ४३ ते ४६ टक्के वीज मोटरचालित यंत्रणा वापरतात. साहजिकच मोटर अवचित बंद पडली, तर होणारी हानी त्या मोटरच्या किमतीपुरती मर्यादित राहत नाही. कोळशावर चालणाऱ्या मोठ्या वीजसंचात भट्टीतील धूर ओढून घेणारे सहसा दोन पंखे असतात. त्यांपैकी एकाची मोटर थांबली, तर संपूर्ण संचाचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आणावे लागते. पिकाला पाणी देण्याच्या ऐन दिवसांत पंपाची मोटर जळाली, तर शेतकऱ्याचा हंगाम धोक्यात येतो.

या पार्श्वभूमीवर एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो. चालू मोटर न थांबविता आणि न उघडता, तिच्या अंतर्भागात सुरू झालेला दोष वेळीच ओळखता येईल काय? विद्युत अभियांत्रिकी व संकेत-विश्लेषण यांच्या संयोगातून या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. मोटर जो विद्युतप्रवाह घेते, त्यातच तिच्या प्रकृतीची नोंद असते. ती नोंद वाचण्याचे तंत्र आणि ती वाचताना बाळगावयाचा विवेक यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

देखभालीच्या तीन पद्धती

यंत्रांच्या देखभालीच्या स्थूलमानाने तीन पद्धती आहेत. पहिली, बिघाडानंतरची देखभाल. यंत्र बंद पडेपर्यंत चालवावयाचे आणि मग दुरुस्त करावयाचे. दुसरी, कालबद्ध देखभाल. ठरावीक तास चालल्यानंतर यंत्र सुस्थितीत असले तरी उघडून तपासावयाचे. तिसरी, स्थितीनिष्ठ देखभाल. यंत्राच्या प्रत्यक्ष अवस्थेची मोजमापे घेऊन, गरज दिसेल तेव्हाच हस्तक्षेप करावयाचा. पहिल्या पद्धतीत उत्पादन बुडते, तर दुसरीत चांगले सुटे भागही बदलले जातात. तिसरी पद्धत सर्वांत किफायतशीर होऊ शकते. मात्र त्यासाठी यंत्राची अवस्था बाहेरून कळणे आवश्यक असते, आणि विद्युतप्रवाहाचे विश्लेषण नेमकी हीच गरज भागविते.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात या तंत्राचा पद्धतशीर विकास झाला. अणुवीज केंद्रांतील मोटरचालित झडपांची स्थिती दुरून तपासणे हा त्यामागील हेतू होता. झडपेजवळ जाणे कठीण असले, तरी तिच्या मोटरला वीज नेणारी तार नियंत्रण कक्षाच्या बाजूला उपलब्ध असते. त्या तारेभोवती प्रवाह मोजणारा चिमटा लावला की पुरे. पुढे २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्रिकला प्रवर्तन मोटरींच्या विद्युत संकेतांच्या विश्लेषणासाठी ‘आयएसओ २०९५८’ हे मानक प्रसिद्ध केले.

मोटरची रचना आणि ‘स्लिप’

उद्योगांत सर्वाधिक वापरली जाणारी मोटर म्हणजे पिंजरा-रोटर असलेली त्रिकला प्रवर्तन मोटर. तिच्या स्थिर भागाला स्टेटर म्हणतात. स्टेटरच्या खाचांमध्ये तांब्याच्या तारांची वेटोळी बसविलेली असतात. त्यांतून तीन कलांचा प्रवाह वाहू लागला की फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. फिरत्या भागाला, म्हणजे रोटरला, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. या पट्ट्या दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या असल्याने त्यांची रचना पिंजऱ्यासारखी दिसते.

फिरत्या क्षेत्राच्या वेगास समकालिक वेग म्हणतात. पुरवठ्याच्या वारंवारतेला १२० ने गुणून ध्रुवांच्या संख्येने भागले की हा वेग दर मिनिटाच्या फेऱ्यांमध्ये मिळतो. ५० हर्ट्झ व ४ ध्रुव असल्यास तो १५०० फेरे इतका येतो. रोटर मात्र या वेगाने फिरू शकत नाही. तो तसा फिरला, तर पट्ट्यांच्या दृष्टीने क्षेत्र स्थिर राहील, त्यांत प्रवाह निर्माण होणार नाही आणि रोटरला फिरविणारे बलही उरणार नाही. म्हणून रोटर थोडा मागे राहतो. या मागे राहण्याच्या प्रमाणाला ‘स्लिप’ म्हणतात. रोटरचा वेग १४७० फेरे असेल, तर तो ३० फेऱ्यांनी मागे आहे, आणि ३० भागिले १५०० म्हणजे ०.०२ ही त्याची स्लिप झाली. पुढील बहुतेक विवेचन या एका संख्येवर आधारलेले असल्याने ती नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

संकेताचे पृथक्करण

मोटरचा प्रवाह दोलनदर्शकाच्या पडद्यावर पाहिला, तर निरोगी व सदोष मोटरींच्या तरंगांत डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही. दोषाची खूण मुख्य प्रवाहाच्या काही शतांश किंवा सहस्रांश इतकी क्षीण असते. ती वेगळी काढण्यासाठी गणिताचा आधार घ्यावा लागतो. फ्रेंच गणितज्ञ जोझेफ फूरिये याने उष्णतेवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात, गुंतागुंतीचे फलन साध्या तरंगांच्या बेरजेच्या रूपात मांडण्याची रीत विकसित केली. पाण्याच्या थेंबातून जाणाऱ्या प्रकाशाचे रंग जसे वेगळे होतात, तसे या रीतीने संकेतातील निरनिराळ्या वारंवारतांचे घटक वेगळे होतात. त्यांच्या आलेखास वर्णपट म्हणतात.

हे गणित प्रत्यक्षात फार वेळखाऊ होते. जेम्स कूली व जॉन टुकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या जलद फूरिये रूपांतराच्या पद्धतीमुळे ते सुकर झाले. १०२४ नमुन्यांसाठी थेट रीतीने सुमारे साडेदहा लाख गुणाकार करावे लागतात, तर जलद रीतीत ही संख्या दहा हजारांच्या घरात येते. त्यामुळेच आज हातात मावणाऱ्या उपकरणातही वर्णपट मिळविता येतो.

वर्णपटातील उंची डेसिबल या एककात मोजण्याचा प्रघात आहे. एखादा घटक मुख्य घटकापेक्षा ४० डेसिबलने खाली असणे म्हणजे त्याच्या शंभराव्या भागाइतका असणे, आणि ६० डेसिबलने खाली असणे म्हणजे हजाराव्या भागाइतका असणे होय.

तुटलेल्या पट्टीची खूण

मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या सुमारे पाच ते सात पट प्रवाह घेते. वारंवार सुरू-बंद होणाऱ्या मोटरमध्ये त्यामुळे रोटरच्या पट्ट्या तापतात, प्रसरण पावतात आणि कड्याजवळच्या जोडापाशी तडकतात. एक पट्टी तुटली की तिचा भार शेजारच्या पट्ट्यांवर पडतो व त्याही तुटू लागतात.

सर्व पट्ट्या शाबूत असताना रोटरमधील प्रवाहांचे क्षेत्र एकाच दिशेने, मोटरच्या दिशेने फिरते. पट्टी तुटल्यावर ही सममिती भंग पावते व उलट दिशेने फिरणारे एक लहानसे क्षेत्रही निर्माण होते. वरील उदाहरणात हे क्षेत्र रोटरच्या तुलनेत ३० फेऱ्यांनी मागे फिरते. रोटर स्वतः १४७० फेऱ्यांनी पुढे जात असल्याने, स्टेटरवरून पाहता या क्षेत्राचा वेग १४४० फेरे इतका भरतो. ४ ध्रुवांसाठी १४४० फेरे म्हणजे ४८ हर्ट्झ. अशा रीतीने स्टेटरच्या प्रवाहात ५० हर्ट्झच्या शेजारी ४८ हर्ट्झचा घटक उमटतो. त्याच्यामुळे मोटरच्या पिळात व वेगात सूक्ष्म चढउतार होतात आणि त्यांतून दुसऱ्या बाजूस ५२ हर्ट्झचा घटक तयार होतो.

याचे सामान्य सूत्र असे : मुख्य वारंवारतेला स्लिपच्या दुपटीने गुणावे व येणारी संख्या मुख्य वारंवारतेतून वजा करावी, तसेच तिच्यात मिळवावी. या दोन ठिकाणी दिसणाऱ्या घटकांना पार्श्वघटक म्हणता येईल. व्यवहारात साधारणपणे असे मानतात की, पुरेसा भार असताना पार्श्वघटक मुख्य घटकाच्या ५४ डेसिबलपेक्षाही खाली असल्यास रोटर सुस्थितीत आहे, आणि ते ४५ डेसिबलपेक्षा जवळ आल्यास पट्टी तुटल्याचा दाट संशय घ्यावा. हे आकडे मार्गदर्शक आहेत, अंतिम निवाडा नव्हेत. त्याची कारणे पुढे येतील.

स्टेटरमधील दोष

स्टेटरच्या वेटोळ्यांवरील विद्युतरोधक आवरण उष्णतेने झिजते. तापमान मर्यादेपेक्षा दर १० अंश सेल्सिअसने वाढले की आवरणाचे आयुष्य अंदाजे निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. आवरण फाटून शेजारचे दोन वेढे एकमेकांना चिकटले, तर त्या लहानशा बंद मंडलात फार मोठा प्रवाह फिरू लागतो. ती जागा तापून आणखी वेढे जळतात व अखेरीस वेटोळे लोखंडी गाभ्याला भिडते. रोटरचा दोष बहुधा सावकाश वाढतो, पण वेढ्यांचा दोष काही मिनिटांतही उग्र रूप धारण करू शकतो. यास्तव रोटरसाठी ठरावीक काळाने केलेली तपासणी पुरेशी होते, तर महत्त्वाच्या मोटरच्या स्टेटरवर अखंड लक्ष ठेवणे योग्य ठरते.

वेढे जळाले की तीन कलांचे प्रवाह असमान होतात. चार्ल्स फॉर्टेस्क्यू याने १९१८ मध्ये दाखवून दिले की, अशा कोणत्याही असमान त्रिकला प्रवाहाची फोड संतुलित गटांमध्ये करता येते. त्यांतील उलट क्रमाने फिरणाऱ्या गटाला ऋण-अनुक्रम घटक म्हणतात. निरोगी मोटरमध्ये तो नगण्य असतो. वेढ्यांचा दोष सुरू होताच तो वाढू लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. समजा, तीन कलांचे प्रवाह ९८, १०० व १०८ अँपिअर आहेत. त्यांची सरासरी १०२ येते, सर्वांत मोठा फरक ६ आहे, म्हणून असमतोल ५.९ टक्के झाला. केवळ यावरून मोटर सदोष ठरवावी काय? आता विद्युतदाब मोजला असता तो ४०५, ४१० व ४१५ व्होल्ट आढळला. त्याचा असमतोल सुमारे १.२ टक्के येतो. दाबातील १ टक्का असमतोलामुळे प्रवाहात ६ ते १० टक्के असमतोल येऊ शकतो. म्हणजेच येथील प्रवाहाचा संपूर्ण असमतोल पुरवठ्यामुळेही असू शकतो. खात्रीसाठी मोटर बंद करून तिन्ही तारांची जोडणी क्रमाने एकेक स्थान पुढे सरकवितात. यात मोटर फिरण्याची दिशा बदलत नाही. त्यानंतर जास्तीचा प्रवाह पूर्वीच्याच पुरवठा-तारेत राहिला, तर दोष पुरवठ्याचा असतो. तो मोटरच्या त्याच वेटोळ्याबरोबर सरकला, तर दोष मोटरचा असतो.

बेअरिंग व हवेची फट

अमेरिकेतील इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटने वीज केंद्रांतील मोटरींविषयी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासात बिघाडांची विभागणी अशी आढळली : बेअरिंग ४१ टक्के, स्टेटर ३७ टक्के, रोटर १० टक्के व इतर १२ टक्के. बेअरिंगचा दोष यांत्रिक असला, तरी त्याची चाहूल प्रवाहात लागते. बेअरिंग झिजले की रोटर मध्यापासून ढळतो, स्टेटर व रोटर यांमधील हवेची फट असमान होते आणि प्रवाहात फिरण्याच्या वारंवारतेचे पार्श्वघटक दिसतात. १४७० फेऱ्यांच्या मोटरसाठी फिरण्याची वारंवारता २४.५ हर्ट्झ असल्याने ते २५.५ व ७४.५ हर्ट्झवर शोधावेत. तथापि बेअरिंगच्या प्रारंभिक दोषासाठी कंपनांचे मोजमाप अधिक संवेदनशील असते. म्हणून दोन्ही पद्धती परस्परपूरक मानाव्यात.

मोजमापातील दक्षता

पहिली दक्षता नोंदीच्या कालावधीची. वर्णपटात जवळच्या दोन वारंवारता वेगळ्या दिसण्यासाठी नोंद पुरेशी दीर्घ असावी लागते. २ सेकंदांच्या नोंदीतून अर्ध्या हर्ट्झपेक्षा बारीक फरक कळत नाही. मोटर हलक्या भारावर १४९४ फेऱ्यांनी फिरत असेल, तर स्लिप ०.००४ असते व पार्श्वघटक मुख्य घटकापासून अवघ्या ०.४ हर्ट्झवर येतात. अशा वेळी नोंद कित्येक सेकंदांची, शक्यतो १० सेकंदांहून अधिक, असावी.

दुसरी दक्षता भाराची. भार नसताना रोटरमधील प्रवाह अत्यल्प असतो, म्हणून पट्टी तुटलेली असली तरी तिची खूण जवळजवळ नाहीशी होते. निदान अर्ध्या भाराहून अधिक भारावर तपासणी करणे श्रेयस्कर होय.

तिसरी दक्षता पुरवठ्याच्या वारंवारतेची. भारतीय वीज जाळ्यासाठी विहित कक्षा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ अशी आहे. वरील १४९४ फेऱ्यांच्या वेळी प्रत्यक्ष वारंवारता ४९.९ हर्ट्झ असेल, तर समकालिक वेग १४९७ होतो व स्लिप ०.००४ ऐवजी ०.००२ भरते. ५० हर्ट्झ गृहीत धरणारा परीक्षक मग चुकीच्या जागी शोध घेतो. वारंवारता गृहीत धरू नये, त्याच नोंदीतून मोजावी.

चौथी दक्षता उपकरणाच्या अचूकतेची. नमुने घेण्याचा वेग अपेक्षित सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक असावा. ५०० हर्ट्झपर्यंत पाहावयाचे असल्यास सेकंदाला १००० पेक्षा जास्त नमुने लागतात. ८ बिटांच्या रूपांतरकात २५६ पायऱ्या असतात, तर १६ बिटांच्या रूपांतरकात ६५,५३६. सहस्रांश इतकी खूण टिपण्यासाठी दुसराच योग्य ठरतो.

खोटे संकेत आणि निर्णयाचे मोल

पार्श्वघटक दिसले म्हणजे पट्टी तुटलीच, असे नव्हे. दट्ट्याचा काँप्रेसर किंवा दगड फोडणारे यंत्र यांचा भार सतत हेलकावत असतो. तो हेलकावाही मुख्य घटकाच्या दोन्ही बाजूंस पार्श्वघटक निर्माण करतो. काही मोठ्या मोटरींच्या रोटरमध्ये थंड हवेसाठी लांबट वाहिन्या असतात. त्यांची संख्या ध्रुवांच्या संख्येइतकी असल्यास निरोगी रोटरही तुटक्या पट्टीसारखीच खूण दाखवितो. यावरील उपाय म्हणजे भार बदलून पुन्हा नोंद घेणे. स्लिप वाढली की पट्टीची खूण मुख्य घटकापासून दूर सरकते, तर काँप्रेसरची खूण जवळजवळ जागच्या जागी राहते. रोटरमधील वाहिन्यांची खूण मात्र स्लिपबरोबरच सरकत असल्याने ती या परीक्षेत ओळखता येत नाही. तेथे मोटरची रचना माहीत असणे व ती नवी असतानाच्या नोंदीशी तुलना करणे हाच आधार उरतो.

या विषयाचे खरे मर्म येथे आहे. निरोगी मोटर सदोष ठरविली, तर उत्पादन थांबवून, मोटर उतरवून व उघडून हाती काहीच लागत नाही, आणि त्या तंत्रावरील कामगारांचा विश्वासही उडतो. सदोष मोटर निरोगी ठरविली, तर तुटलेला तुकडा वेटोळ्यावर आदळून संपूर्ण स्टेटर निकामी होऊ शकतो. यास्तव एका नोंदीपेक्षा महिनोन्महिन्यांच्या नोंदींचा कल अधिक बोलका असतो.

नवे प्रवाह

मोटर सुरू होताना स्लिप १ पासून जवळजवळ शून्यापर्यंत उतरते. त्या काळात तुटक्या पट्टीचा खालचा पार्श्वघटक ५० हर्ट्झवरून शून्यापर्यंत खाली येतो व पुन्हा वर चढतो. ही खूण भारावर फारशी अवलंबून नसते. वारंवारता काळाबरोबर बदलत असल्यामुळे येथे साधे फूरिये रूपांतर अपुरे पडते व तरंगिका-रूपांतराचा, म्हणजे वेव्हलेट पद्धतीचा, उपयोग करतात.

वारंवारता-नियंत्रकावर चालणाऱ्या मोटरींनी नवी आव्हाने उभी केली आहेत. चित्तरंजन येथे तयार होणाऱ्या डब्ल्यूएपी-७ व डब्ल्यूएजी-९ या रेल्वे इंजिनांतही त्रिकला प्रवर्तन मोटरी अशाच रीतीने चालतात. नियंत्रक प्रवाहातील चढउतार स्वतःच सावरू पाहतो, त्यामुळे दोषाची खूण प्रवाहात दबते व विद्युतदाबात उमटते. तेथे दोन्ही संकेत एकत्र पाहावे लागतात. संगणकाला अनेक मोटरींच्या नोंदी देऊन दोष ओळखण्यास शिकविण्याची पद्धतही आता रूढ होत आहे. तथापि एका कारखान्यातील नोंदींवर शिकलेली प्रणाली दुसऱ्या भारावर व दुसऱ्या मोटरवर फसू शकते. म्हणून मूळ भौतिक नियमांचे ज्ञान अनिवार्यच राहते.

विकासाच्या संदर्भात

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला व त्यानुसार मार्च २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना झाली. कार्यक्षम मोटरींसाठी ‘आयएस १२६१५’ हे भारतीय मानक आहे. कार्यक्षम मोटर बसविणे ही पहिली पायरी असली, तरी तिची कार्यक्षमता टिकविणे ही दुसरी व तितकीच आवश्यक पायरी होय.

प्रत्येक मोटरवर महागडे उपकरण लावणे अर्थातच व्यवहार्य नाही. मोठ्या व कळीच्या मोटरींसाठी अखंड देखरेख, मध्यम मोटरींसाठी ठरावीक काळाने नोंद, आणि लहान मोटरींसाठी साधे संरक्षण अशी उतरंड योग्य ठरेल. शेतीपंपाच्या बाबतीत एक कला तुटल्यावर उरलेल्या तारांत तेवढ्याच भाराला सुमारे १.७३ पट प्रवाह वाहतो व मोटर जळते. तेथे वर्णपटाची गरज नाही. एक कला जाताच मोटर बंद करणारे साधन व तिन्ही प्रवाहांची अधूनमधून मोजणी एवढ्याने बरेच नुकसान टळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्रींना चिमटा-मापक वापरण्याबरोबरच त्याच्या आकड्यांचा अर्थ लावण्याचे शिक्षण मिळाले, तर या ज्ञानाचा लाभ लघुउद्योगांपर्यंत व शेतापर्यंत पोहोचेल. उपकरण आकडा देते, त्यावरून निर्णय मात्र भार, पुरवठा व यंत्र यांची जाण असलेला मनुष्यच घेतो.

सरावासाठी प्रश्न

१. ६ ध्रुवांची, ५० हर्ट्झवर चालणारी मोटर ९७० फेऱ्यांनी फिरत आहे. स्लिप व तुटलेल्या पट्टीचे पार्श्वघटक काढा. (उत्तर : स्लिप ०.०३, पार्श्वघटक ४७ व ५३ हर्ट्झ.)

२. भार नसताना रोटरच्या दोषाची तपासणी विश्वासार्ह का नसते?

३. प्रवाहातील असमतोल मोटरमुळे आहे की पुरवठ्यामुळे, हे कसे ठरवाल?

४. कालबद्ध व स्थितीनिष्ठ देखभालीची तुलना करून, लघुउद्योगांसाठी कोणती पद्धत कोणत्या मर्यादेत उपयुक्त आहे, याची चर्चा करा.